दोन स्पर्धकांचं चक्र आपोआप फिरत नाही

लेख आवडला, पण एक गोष्ट खटकली. दोन स्पर्धक प्रजातींची संख्या ससा-कोल्ह्यासारखी आळीपाळीने वरखाली होत राहते, असं तुम्ही लिहिलंय. ते चक्र भक्ष्य-भक्षकाचं. दोन प्रजातींची स्पर्धा मांडणाऱ्या लोटका-व्होल्टेरा समीकरणांत सहगुणक (म्हणजे वाढीचे आणि एकमेकींना दाबण्याचे आकडे) स्थिर असतील, तर बंद कक्षा, म्हणजे फिरून त्याच संख्यांवर येणारं चक्र, निघूच शकत नाही. दोन प्रजातींची संख्या x आणि y धरा, दोन्ही समीकरणांना १/(xy) ने गुणून ड्युलॅकची कसोटी (बंद कक्षा नाही हे दाखवणारी) लावा, दोन ओळींत सिद्ध होतं. एक तरी जिंकते, नाहीतर दोघी ठरावीक संख्येवर टिकतात.

मग आमच्याकडे धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) दरवर्षी दिसतं ते काय? मृगाचा पाऊस पडला की तरोटा (टाकळा) असा दाट उगवतो की गाजरगवताच्या रोपांना ऊनच मिळत नाही. दिवाळीनंतर तरोटा शेंगा धरून वाळतो आणि ओलीत असेल तिथे गाजरगवत पुन्हा डोकं काढतं. इथे सहगुणकच ऋतूप्रमाणे बदलतात. ते वर्षाच्या आवर्तनाचे धरले की दोन प्रजातींतही वार्षिक आवर्ती उत्तर मिळतं, आणि सुरुवात कुठूनही केली तरी संख्या अशाच एखाद्या उत्तराकडे जाते. हा निकाल मला फार सुंदर वाटतो.

तीन प्रजाती आल्या की ऋतूंचीही गरज नाही. रॉबर्ट मे आणि वॉरन लिओनार्ड या संशोधकांनी १९७५ मध्ये दाखवलं की तिघी पाळीपाळीने वरचढ होऊ शकतात, मात्र प्रत्येक फेरी आधीपेक्षा लांबत जाते. ते खरं आवर्तन नव्हे. पुढच्या भागात ऋतूंचं समीकरण नक्की घ्या, बीएस्सीची पोरं वाचतात इथे.