अर्धा लिटर पुरावा

तीन हजार रुपये गेले. दुधामुळे गेले. अजून आठवलं की चहा घशाखाली उतरत नाही.

घोडबंदर रोडवर, वर झुंबा आणि खाली टाइल्सचं दुकान अशा बेचक्यात एक १० मीटरची एअर पिस्तूल रेंज आहे. तिथला एक पोरगा नव्या सिलिंडरवाल्या पिस्तुलाकडे वळला होता आणि आपलं जुनं रशियन इझ-४६ अठरा हजारांना काढत होता. मला ते पंधराला हवं होतं. म्हणजे खोड काढणं आलं. पूर्वी मुलगी बघायला जाणाऱ्या आत्याबाई जशा पोह्यांतसुद्धा खडा शोधायच्या, त्याच भावनेने मी गेलो.

(छर्रा ४.५ मिलिमीटरचा आणि जोर २० ज्यूलच्या आत असला की लायसन्स लागत नाही. हे तर जेमतेम ५ ज्यूलचं. तरी आमच्या सोसायटीचा वॉचमन माझी बॅग बघून उठून उभा राहतो. एरवी तो कुणासाठीच उठत नाही.)

आधी नळीचं तोंड. कान कोरायची कापसाची काडी आतल्या कडेवर गोल फिरवायची. कापसाचा धागा अडकला तर तिथे धातूचा ओरखडा वर आलाय, आणि छर्रा बाहेर पडतापडता तिरका होणार. धागा अडकला नाही. मग हवा. हे सिंगल स्ट्रोक, म्हणजे नळीखालचा लिव्हर एकदा पुढे ओढून मागे दाबला की भरलं. भरून दोन मिनिटं थांबायचं, मग चालवायचं. आवाज मऊ पडला तर पिस्टनचं सील म्हातारं झालंय. चालवताना ब्रीचवर, म्हणजे छर्रा घालायच्या जागी, टिश्यू पेपरची पट्टी ठेवायची. ती उडाली तर तिथली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं, गळतेय. पट्टी जरा फडफडली. मी मनात पाचशे रुपये कापले. पण ओ-रिंग वीसेक रुपयांची असते हे पोराला माहीत होतं, आणि ते मला माहीत आहे हेही त्याला माहीत होतं. पाचशे परत जोडले.

मग वाळूच्या पिशवीवर हात टेकवून पाच छर्रे. टार्गेटवरचा १० चा गोल ११.५ मिलिमीटरचा, शर्टाच्या बटणाएवढा. पाचही त्यात गेले. स्प्रिंग नाही, त्यामुळे हातात उसळत नाही. चांगलं पिस्तूल आहे हो! मी तोंड वाकडं करून "ठीक आहे" म्हणालो.

राहिला ट्रिगर. स्पर्धेच्या नियमाने तो कमीत कमी ५०० ग्रॅमला सुटायला हवा, त्याआधी नाही. तपासायचं कसं, तर छर्रा न घालता हवा भरायची, नळी सरळ वर धरायची, ट्रिगरच्या मधोमध ५०० ग्रॅमचं वजन अडकवून टेबलावरून अलगद उचलायचं. तीन प्रयत्न मिळतात; एकदा तरी ट्रिगर न सुटता वजन उचललं गेलं की पास. रेंजचं वजन कुणीतरी नेलं होतं. मी खाली जाऊन अर्धा लिटर दुधाची पिशवी आणली, कोपऱ्याला सुतळी बांधली, उचललं. फट्. पुन्हा फट्. तिसऱ्यांदाही फट्.

"ट्रिगर फेल," मी म्हणालो. खरं तर आतला एक स्क्रू अर्धा वळसा आवळला की काम होतं. पण फेल म्हणजे फेल. पोरगा पडेल आवाजात "काका, साडेपंधरा?" इथपर्यंत उतरला होता.

"एक मिनिट."

बाकावर नातीची वाट बघत बसलेले एक आजोबा उठले. हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं. वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त. त्यांनी पिशवी दोन बोटांत धरली.

"हे काय?"

"अर्धा लिटर दूध."

"लिटर हे माप झालं. तुम्ही वजन करताय. दूध पाण्याहून जड, १.०३ धरा. झाले ५१५. वर पिशवी. वर सुतळी. सुतळीचं वजन कुणी धरलं?"

"साहेब, सुतळी कोण धरतं?"

"तेच विचारतोय."

पोराच्या चेहऱ्यावर हवा भरू लागली. मी घाईघाईने चूक केली. म्हणालो, "आणि दूधच कमी भरलं असेल तर?"

आजोबांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नसावा. "शाब्बास! अर्ध्या लिटरच्या पाकिटात १५ मिलिलिटरची चूक चालते. २०११ चे नियम, पहिली अनुसूची." माझ्या पाच छर्‍यांच्या टार्गेटमागे त्यांनी गुणाकार मांडला. "४८५ गुणिले १.०३. ४९९.५५. आणि जास्त भरलं असेल तर ५३०. म्हणजे तुम्ही कितीला उचललंत?"

"माहीत नाही."

"हां. असा रकाना पंचनाम्यात नसतो."

पोरगा खालच्या कांदे-बटाटेवाल्याकडून अर्ध्या किलोचं लोखंडी वजन घेऊन आला. त्याचा काटा आता इलेक्ट्रॉनिक, हे वजन ताडपत्री उडू नये म्हणून ठेवलेलं. आजोबांनी ते उलटं केलं, खालचा शिशाचा ठसा नखाने खरवडला. "दर दोन वर्षांनी ठसा मारून घ्यावा लागतो. याची मुदत केव्हाच संपलीय."

"मग हे झिजून ४९५ झालं असेल!" मी जवळजवळ ओरडलो.

"असेल. पण यावर सरकारचा ठसा आहे. दुधावर आहे?"

पहिल्यांदा फट्. दुसऱ्यांदा फट्. तिसऱ्यांदा ते गंजकं वजन ट्रिगरला लोंबकळत वर आलं आणि तसंच राहिलं. "तीन प्रयत्न मिळतात ना, काका?" पोरगा मला म्हणाला. मी मोजून अठरा हजार दिले.

निघताना पिशवी आजोबांपुढे धरली. म्हटलं, "साहेब, यावरची एमआरपी वाचा. खालच्या दुकानदाराने कूलिंगचे म्हणून दोन रुपये वर घेतले. रोज घेतात, सगळ्यांकडून घेतात. हे कुठल्या अनुसूचीत बसतं?"

त्यांनी छापील किंमत वाचली, पिशवी माझ्या हातात परत दिली आणि पेन खिशाला लावलं.

"मी आता रिटायर आहे हो," ते म्हणाले.