फुकटचा चार्जर नको

‘कंपनी फुकटात लावून देऊन राहिली, आपलं काय जाते?’

आमच्या अपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा सवाल पडला आणि धडाधड अंगठे उठले. मी तेव्हा नेदरलँड्समध्ये, आयंडहोव्हनच्या जंबो सुपरमार्केटात रांगेत उभी होते, तिथेच डोकं तापलं.

प्रकरण असं. नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातली आमची चोवीस फ्लॅटची बिल्डिंग. चौघांकडे इलेक्ट्रिक कार आल्या, स्कूटर तर कितीतरी. एका कंपनीने सांगितलं, व्हिजिटर पार्किंगमधली एक जागा पाच वर्षांसाठी द्या, सात किलोवॅटचा चार्जर आम्ही लावतो, तुमचा एक पैसा खर्च नाही. ॲप त्यांचं, दर त्यांचा, वॉलेटमध्ये आधी पैसे भरायचे, आणि पाच वर्षं दुसऱ्या कुणाचं यंत्र आवारात आणायचं नाही. एका गटाचे अंगठे यालाच. दुसरा गट ‘बॅटरी पेटली तर?’, ‘विजेची डीपी उडाली तर?’ म्हणत रोज एक जळका व्हिडिओ टाकतो. तिसऱ्याचं म्हणणं, ज्याची गाडी त्याने आपल्या बाल्कनीतून वायर सोडावी. तिसरा गट म्हणजे मुख्यतः माझे बाबा. त्यांची स्कूटर तशीच चार्ज होते, पहिल्या मजल्यावरून, एक्स्टेंशन बोर्ड पिशवीत गुंडाळून.

मी लांबलचक मेसेज लिहिला. सेक्रेटरी काकांचं उत्तर आलं, ‘ताई, तुम्ही तिथून सांगून राहिल्या, इथं लाइट गेली की घाम आमचा निघते.’ पुढे हात जोडलेला इमोजी.

घाम निघतो हे मला माहीत आहे. मे महिन्यातलं नागपूर मला कुणी शिकवू नये. पण माझा मुद्दा उन्हाचा नव्हताच. चार्जर किती आणि कितीला, एवढ्यावरच सगळं भांडण चाललंय. तो चार्जर कुणाचं ऐकतो, हे कुणी विचारत नाही.

आपल्या गावाला तर हे विसरायची मुभाच नाही. मे २०१७ मध्ये ओलाने दोनशे इलेक्ट्रिक वाहनांचा प्रकल्प सुरू केला तो नागपुरात. गडकरी आणि फडणवीस दोघंही हजर. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंडियन ऑइलच्या पंपावर चार्जिंग स्टेशन उघडलं, पंपावरचं देशातलं पहिलं, तेही नागपुरात. त्याआधी इथेनॉलवरची हिरवी बस येऊन गेली होती. नवीन काही निघालं की पहिली फीत आमच्याकडे कापायची, असा रिवाजच आहे. पण वर्षभराच्या आत बातम्या आल्या त्या चार्जिंगच्या लांब रांगांच्या आणि वैतागून डिझेलकडे परतू पाहणाऱ्या चालकांच्या. तो ताफा, ते ॲप आणि ती स्टेशनं मुख्यतः एकमेकांसाठीच होती. आपली गाडी घेऊन जाणाऱ्या सामान्य नागपूरकराला त्यातून फारसं काही मिळालं नाही. ‘पहिलं शहर’ हे बिरूद मात्र अजून भाषणांत फिरतंय.

आता इकडचं सांगते. माझ्या किल्लीला एक प्लास्टिकचा पास लटकलेला आहे. तो घेऊन मी आमच्या रस्त्यावरच्या खांबाला गाडी लावते, सासूबाईंकडे ग्रोनिंगनला गेले की तिथल्या खांबाला लावते, आणि बेल्जियमात गेल्यावरही बहुतेक ठिकाणी तोच चालतो. खांब कुणाचा, पास कुणाचा, याचा विचार करत नाही. देशात दीड लाखावर सार्वजनिक चार्जिंग पॉइंट आहेत, पण मला कौतुक त्या आकड्याचं नाही. २००९ च्या सुमारास, गाड्या मोजक्याच असताना, इथल्या वीजवाहक कंपन्यांनी एकत्र येऊन आधी भाषा ठरवली. चार्जरने मागच्या सर्व्हरशी कसं बोलायचं त्याचा खुला नियम, ओसीपीपी, तो या देशात जन्मला आणि आज जगभर वापरला जातो. एका कंपनीच्या ग्राहकाने दुसरीच्या खांबावर गाडी लावली तर हिशेब कसा पोचवायचा, त्याचा नियम ओसीपीआय, तोही इथलाच. म्हणजे उद्या चार्जर चालवणारी कंपनी बुडाली किंवा माजली, तरी यंत्र तेच ठेवून चालवणारा बदलता येतो. एप्रिल २०२४ पासून युरोपीय नियमाने पन्नास किलोवॅट आणि त्यावरच्या नव्या सार्वजनिक फास्ट चार्जरवर साधं बँक कार्ड चाललंच पाहिजे. ॲप उतरवा, ओटीपी घाला, वॉलेट भरा, ही कटकट नाही.

आणि हे मी कुणाला सांगतेय? यूपीआय वापरणाऱ्यांना! २०१६ पासून ज्या देशात तर्री-पोह्याच्या ठेल्यावर कोणत्याही बँकेचा माणूस कोणत्याही ॲपने पैसे देतो, त्या देशात चार्जरसाठी आठ ॲप आणि आठ वॉलेटं? प्रत्येकात दोन-दोनशे रुपये अडकलेले? इथल्या ऑफिसात मी यूपीआयची फुशारकी मारते तेव्हा डच लोक तोंडात बोट घालतात. परस्परांशी बोलणारी व्यवस्था कशी उभी करायची हे जगाला शिकवण्याइतकं आपल्याला येतं. चार्जिंगसाठीही ‘युनिफाइड एनर्जी इंटरफेस’ नावाने बेकन या खुल्या प्रोटोकॉलवर, म्हणजे वेगवेगळ्या ॲपना एकमेकांशी बोलू देणाऱ्या नियमांवर, काम सुरू आहे, केंद्र सरकार सगळ्या चार्जरसाठी एका सुपर ॲपची भाषा करतंय. आणि नेमकं अशा वेळी आमची बिल्डिंग पाच वर्षांसाठी एका कुलपात बंद व्हायला निघाली आहे. का, तर फुकट आहे म्हणून.

डीपीच्या भीतीबद्दल. ती खोटी नाही, पण हिशेब करून घाबरावं. दीड टनाचा एसी साधारण दीड किलोवॅट घेतो. कार घरच्या साध्या चार्जरवर तीन-सव्वातीन किलोवॅट, म्हणजे दोन एसी. स्कूटर त्याहून कितीतरी कमी. उद्या दहा कार झाल्या आणि सगळ्यांनी ऑफिसातून आल्या आल्या सात वाजता प्लग घातला, तर कूलर-एसीच्या ऐन वेळेला तेहतीस किलोवॅट वाढले. मग डीपी उडणारच. पण त्याच दहा गाड्यांना मिळून दहा किलोवॅटच द्यायचे, तेही रात्री अकरा ते सकाळी सहा, असं यंत्राला सांगून ठेवलं तर सात तासांत सत्तर युनिट होतात. वाट्याला सात-सात. एका युनिटमध्ये छोटी कार सहा-सात किलोमीटर जाते. त्रिमूर्तीनगरातून सीताबर्डीला जाऊन, धरमपेठेत चक्कर मारून आलात तरी पुरून उरेल. ज्याला पहाटे अमरावतीला निघायचंय त्याने तसं आधी नोंदवावं, त्याला जास्त मिळेल. ‘स्मार्ट चार्जिंग’ म्हणतात ते एवढंच. पंगतीत सगळ्यांना एकदम वाढायचं नसतं, वाढपी फिरत राहतो, तसं. आयंडहोव्हनला आमच्या भागात तर रस्त्यावरचे खांबही संध्याकाळी मुद्दाम हळू वीज देतात. सवय होते.

आता यातली गंमत बघा. महावितरणच्या नव्या दरात स्मार्ट मीटर असलेल्या घराला सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वापरलेल्या विजेवर सवलत आहे, कारण दुपारी सौरऊर्जा मुबलक असते. निवृत्त माणसाच्या दारात दिवसभर उभ्या असलेल्या स्कूटरसाठी याहून सोयीचं काय असेल? पण ग्रुपवर चार्जरला अंगठा देणारेच स्मार्ट मीटरच्या विरोधात सह्या गोळा करतात. ‘मीटर पळते’, ‘बिल वाढवाचे धंदे’. सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं सरकारने जून २०२४ मध्ये जाहीर केलं, तरी संशय गेला नाही. परक्या कंपनीच्या ॲपवर विश्वास आणि मीटरवर अविश्वास! मी हे लिहिणार होते, पण हात आखडला. कारण २००९ मध्ये डच संसदेच्या वरिष्ठ सभागृहानेच स्मार्ट मीटरची सक्ती फेटाळली होती. मी कधी उठते, कधी घरी नसते, हे वीज कंपनीला का कळावं, हा मुद्दा होता. पुढे मीटर आले ते नकार द्यायचा हक्क ठेवूनच. सेक्रेटरी काकांना हे कळलं असतं तर माझ्या मेसेजची चाळणी झाली असती. म्हणून ते मी ग्रुपवर टाकलं नाही.

अजूनही काही टाकलं नाही. इथे एकाच खांबावर दोन पासचे दोन दर लागतात आणि खरा दर कित्येकदा महिन्याच्या बिलातच कळतो. फुल चार्ज झालेली गाडी रात्रभर खांबाला चिकटवून ठेवणाऱ्या शेजाऱ्यामुळे मी कितीदा पावसात तीन गल्ल्या पलीकडून चालत आले आहे. वीजजाळ्यात इतकी गर्दी झाली आहे की नव्या जोडणीसाठी कंपन्या वर्षानुवर्षं थांबतात. शहाण्या देशाने तारा वेळेवर जाड केल्या नाहीत. ‘परदेशात बघा’ म्हणताना मी यातलं काही दाखवत नाही. कोण दाखवतं?

बाबांनी फोनवर नेमकं दुसऱ्याच ठिकाणी पकडलं. ‘तुझा अख्खा देश समृद्धीवर अर्ध्यात संपते,’ म्हणाले. खरं आहे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, आणि नेदरलँड्सच्या एका टोकाहून दुसऱ्याला तीनशेच्या आसपास. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणाने समृद्धीवर इलेक्ट्रिक कारना टोल माफ केला, महामार्गांवर दर पंचवीस किलोमीटरला चार्जिंगचं उद्दिष्ट ठेवलं. वाचायला छान आहे. पण पंचेचाळीस अंशात, गाडीत नातवंडं असताना, समोरचं यंत्र ‘सर्व्हर अनुपलब्ध’ म्हणालं तर पुढच्या पंचवीस किलोमीटरवर दुसऱ्याच कंपनीचं तिसरंच ॲप उतरवणार कोण? मी म्हटलं, बाबा, तुम्ही माझाच मुद्दा मांडताय. ते म्हणाले, ‘मी तुह्या गाडीचं नाही सांगून राहिलो. मी इथल्या गाडीचं सांगून राहिलो.’

त्यांच्या बोलण्यातला काटा मला कळला. नागपुरात माझी गाडी नाही. पार्किंगमधली माझी जागा कोपऱ्यातली, तिथे शेजाऱ्यांचा उन्हाळ्याचा कूलर हिवाळाभर ताडपत्रीत उभा असतो. आमसभेला मी बसत नाही, माझी सही बाबा करतात. ज्या यूपीआयची मी इथे शेखी मिरवते त्यावर माझा डच नंबर चालत नाही. विमानतळावरून ऑटो केली की पैसे द्यायला बाबा गेटवर उभे. तरी चोवीस जणांत सगळ्यात मोठा मेसेज माझा. आयंडहोव्हनच्या व्हीव्हीईच्या, म्हणजे तिथल्या फ्लॅटमालकांच्या संघाच्या बैठकीत, जिथे मी खरोखर राहते, मी तोंड उघडत नाही. तिथे चार्जरचा ठराव आला तेव्हा हात वर केला आणि कॉफी प्यायले. आयंडहोव्हनला सगळं ठीक चालेल असं गृहीत धरते आणि नागपुरात मात्र एक वायर चुकीची गेली तरी झोप उडते. याला आपलेपणा म्हणावा की सवयीची मालकी, मला सांगता येणार नाही. भाऊ म्हणतो, ‘तुला तिथं कोणी विचारत नाही म्हणून इथं बोलून राहिली.’ असेल. पण त्याने ओसीपीपीचा मुद्दा खोटा ठरत नाही.

रविवारी आमसभा आहे. बाबांना मी लिहून दिलंय. कंपनीला तोंडी नाही, कागदावर विचारा: यंत्र ओसीपीपीवर चालतं का आणि करार संपल्यावर दुसऱ्याला चालवायला देता येईल का? वॉलेट न भरता क्यूआर कोडने पैसे घेणार का? एकूण भार बांधून गाड्यांमध्ये वाटता येतो का? आढेवेढे घेतले तर नमस्कार करा आणि चहा पाजून पाठवा. केंद्राच्या सूचनांनुसार आपल्या घरच्या कनेक्शनवर गाडी चार्ज करायला कुणाची आडकाठी नाही, तेव्हा तोवर कुणाचं अडणार नाही. स्कूटरवाल्यांना तर सबमीटर लावलेले सोळा अँपिअरचे पॉइंट पुरतात, कारण दुचाक्यांचे प्लग अजून कंपनीगणिक वेगळे आहेत. भारतीय मानक ब्यूरोने २०२३ मध्ये हलक्या वाहनांसाठी एक समान कनेक्टर मंजूर केला, पण तो सगळ्यांनी घेतलेला नाही. बाबांचा बाल्कनीतला बोर्ड मात्र पावसाळ्यापूर्वी निघालाच पाहिजे, त्यावर चर्चा नाही.

बिल्डिंगच्या रंगकामाला परांची लागणारच आहे. तेवढ्यात मीटर रूमपासून चोवीसही जागांपर्यंत रिकामा पाइप टाकून घ्या, वायर ज्याची त्याने नंतर ओढावी. काका म्हणाले, ‘ताई, तुमच्या जागेपर्यंत कशाला? पंधरा मीटर जास्त लागते.’ पंधरा मीटरचे पैसे मी बाबांच्या खात्यात टाकले आहेत. कूलर हलवायची जबाबदारी शेजाऱ्यांची.