तोंडाला फेस

आमच्या घरी तांब्याचा एक तांब्या आहे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत घडलेला आणि अंगभर मठारकाम केलेला, म्हणजे हातोडीच्या एकेका ठोक्याने पाडलेल्या चपट्या खुणांनी चमकणारा, असा हा तांब्या आजीच्या संसारातून आमच्याकडे आला. त्याची हुबेहूब प्रतिकृती संगणकावर करून ती प्लास्टिकमध्ये छापून घ्यावी, अशी दुर्बुद्धी मला गेल्या पावसाळ्यात सुचली आणि तिला खतपाणी घातले ते अभियांत्रिकीला असलेल्या भाच्याने. ‘‘मामा, ब्लेंडर नावाचं थ्रीडी आकार घडवण्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि तांब्या म्हणजे काय, एक सिलिंडर! रविवारचं काम आहे,’’ असे तो म्हणाला. कोणत्या रविवारचे, हे मात्र त्याने सांगितले नाही.

संगणकातल्या वस्तूला पोट नसते, फक्त कातडी असते आणि ती कातडी बहुभुजांचे तुकडे जोडून केलेली असते. अशा एका तुकड्याला इंग्रजीत फेस म्हणतात. ब्लेंडर उघडताच समोर येणाऱ्या ठोकळ्याला 8 कोपरे, 12 कडा आणि 6 फेस असतात. तो मी पुसला आणि 32 बाजूंचा सिलिंडर घेतला. त्याला आडवे बारा पट्टे पाडून कुठे पोट फुगवले, कुठे गळा आवळला आणि वरचे झाकण काढून टाकले. पोटापाठीचे 384 फेस आणि बुडाचा 32 कोनांचा एक, असे एकूण 385 फेस व्हायला हवे होते. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. मी ठेवला नाही.

चौकोनी फेसचा स्वभाव मला पहिल्याच आठवड्यात कळला. तीन पायांची तिवई कितीही खडबडीत जमिनीवर डुगडुगत नाही, कारण तीन बिंदू नेहमी एकाच पातळीत बसतात. चार पायांच्या टेबलाखाली मात्र कागदाची घडी सारावी लागते. चौकोनाचा एक कोपरा जरा वर उचलला की तो आतल्या आत पिळतो, संगणक त्याचे गुपचूप दोन त्रिकोण करतो आणि मध्येच एक वळी उमटते. माझ्या तांब्याच्या पोटावर अशा वळ्या पाहून सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘अहो, हा पडलाय का कुठे?’’

वळ्या लपवण्यासाठी भाच्याने छटा एकमेकींत मिसळणारी सोय दाखवली. या युक्तीचे एक मूळ फ्रेंच संगणकशास्त्रज्ञ आंरी गूरो यांच्या 1971 सालच्या कामात आहे. त्यांनी त्यासाठी पत्नीच्या चेहऱ्यावर रेघा आखून तो बहुभुजांत मोजून काढला होता. (आमच्या घरी असा प्रस्ताव मांडण्याचे धैर्य मला झाले नाही.) तांब्या मधोमध गुळगुळीत दिसू लागला, पण काठाकडे पाहावे तर बत्तीस कोन जिथल्या तिथे. मग फेस आणखी बारीक करायचे ठरले. या पद्धतीत प्रत्येक पायरीला एका चौकोनाचे चार होतात. मी हौसेने पाचवी पायरी गाठली. 384 चे 3,93,216 झाले, संगणकाचा पंखा गिरणीसारखा घुमू लागला आणि तांब्याचे बूडही गोल होऊन गेले. बिनबुडाची माणसे मी पुष्कळ पाहिली होती, तसले भांडे प्रथमच घडवले.

त्यातल्या त्यात दिलासा असा की, 1975 साली युटा विद्यापीठात मार्टिन न्यूएल यांनी घरातल्या चहाच्या किटलीवरून जे जगप्रसिद्ध मॉडेल केले, त्यालाही मुळात बूड नव्हते.

मी मुकाट्याने पायऱ्या उतरलो. पुढचे संकट रुसव्याफुगव्याचे होते. प्रत्येक फेसला पुढची आणि मागची अशा दोन बाजू असतात. बाहेर तोंड केलेला निळा दिसतो, आत तोंड केलेला लाल. माझ्या तांब्यावर सतरा लाल फेस निघाले. पंगतीत पाठ फिरवून बसलेल्या व्याह्यांसारखे ते बसले होते आणि एकेकाची समजूत काढून त्यांची तोंडे वळवण्यात एक शनिवार गेला. हे सगळे एका आज्ञेसरशी वळवता येतात, हे भाच्याने रविवारी सांगितले.

अखेर फाइल छपाईवाल्याकडे पाठवली. दुसऱ्या दिवशी भाच्याचा फोन आला, ‘‘मामा, तुझा तांब्या गळतोय.’’ गळ्यापाशी दोन बिंदू एकाच जागी होते, पण जोडलेले नव्हते. शिवाय कातडीला जाडीच दिली नव्हती, तेव्हा छापणार काय? बिंदू सांधले, फेसची मोजदाद केली आणि मग दोन मिलिमीटरची जाडी दिली. मोजदादीचा आकडा आला होता 386. तो एक जादा फेस शोधता शोधता माझ्या तोंडाला फेस आला. पट्टे ओढताना मागे राहिलेला तो फेस गळ्यात आतून आडवा, पडद्यासारखा बसला होता. बाहेरून त्याचा मागमूसही नव्हता.

तो सापडेपर्यंत फाइल दुसऱ्यांदा गेली होती. संध्याकाळी भाचा छापलेला तांब्या घेऊन आला, नळाखाली धरला आणि म्हणाला, ‘‘मामा, आता गळत नाही. आता पाणी आतच जात नाही.’’