बेस आहे ना?

आज सकाळी तर्री पोह्याच्या ठेल्यावर समोरच्या विंगमधल्या एकाने मला विचारलं, "भाऊ, सापडला का उंदीर?" या माणसाशी माझं आजवर लिफ्टपुरतंच बोलणं आहे. आजूबाजूचे चौघं हसले. पोहेवाला तर हसता हसता माझ्या प्लेटीत दीडपट तर्री ओतून बसला. माझ्या घरात उंदीर नाही. सबवूफर आहे, होम थिएटरचा बेस म्हणजे जाड आवाज काढणारं खोकं.

दुकानातला पोरगा होम थिएटर जोडून गेला त्या दिवसापासून सिनेमातल्या बायका टीव्हीतून आणि बाप्ये वॉशिंग मशीनच्या कोपऱ्यातून बोलायला लागले. पोराने रिसीव्हरचा, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या डब्याचा, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज खोक्याकडे जातो ती रेषा) २०० हर्ट्झवर ठेवला होता. पुरुषाच्या आवाजाचा पाया साधारण ८५ ते १८० च्या दरम्यान असतो, म्हणजे हीरोचा अर्धा गळा खोक्यात! साधारण ८० च्या खाली आवाज कुठून येतोय हे कानाला धड कळत नाही, म्हणून जाणकार तिथे कापतात. मीही ८० केलं. मग नको ती हुशारी सुचली आणि खोक्यामागचं, त्याच्या स्वतःच्या क्रॉसओव्हरचं बटणही ८० वर आणलं. ढोलच गेला. एकदा गाळलेला चहा फडक्यातून पुन्हा गाळायचा आणि वर रंग कुठे गेला म्हणून विचारायचं, तसला प्रकार. फिल्टर म्हणजे ८० ला धाडकन बंद होणारं फाटक नव्हे, उतार असतो. रिसीव्हरचा उतार सप्तकाला, म्हणजे हर्ट्झचा आकडा दुप्पट होईपर्यंत, २४ डेसिबलचा असला, तर १६० ला पोचेपर्यंत आवाज तेवढा खाली आलेला असतो. त्यावर खोक्याचाही उतार चढवला की ८० च्या आसपास खड्डा पडतो. रिसीव्हर गाळतोय ना, मग खोक्याचं बटण सगळ्यात मोठ्या आकड्यापर्यंत फिरवून त्याला या कामातून मोकळं करायचं, एवढं कळायला मला चार दिवस लागले. पोरगा फोन उचलत नाही. पैसे मात्र मोजून, थुंकी लावून, दोनदा मोजून नेले होते.

तरीही सोफ्यावर बसलं की बेस गायब, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहिलं की पोटात. ८० हर्ट्झची एक लाट सुमारे चौदा फूट लांब. माझा हॉलही चौदाच फूट. भिंतींवर आपटून परतणाऱ्या लाटा एकमेकींना कुठे मारतात, कुठे खांद्यावर घेतात, आणि माझी बसायची जागा नेमकी मारामारीत सापडलेली. याला एक उपाय असतो: सबवूफर आपल्या जागी सोफ्यावर बसवायचा, ढोल लावायचा आणि आपण भिंतीच्या कडेने रांगायचं. जिथे बरं ऐकू येईल तिथे मग खोकं ठेवायचं.

रविवारची दुपार, मे महिना. कूलरच्या मोटरची घूंऽऽ मध्ये येत होती म्हणून तो बंद. हवेसाठी दार उघडं. मी बनियनवर, चार पायांवर, कान फरशीजवळ. आणि दारात खालचे काका, हातात पोळ्यांच्या डब्याचं झाकण. हे झाकण मांडणीवर नाचतं अशी तक्रार घेऊन ते आले होते, पण माझ्याकडे पाहून तक्रार विसरले.

"काय हरवलं रे भाऊ?"

"काही नाही काका, बेस शोधतोय."

"बेसा? बेसा तं मनीषनगरच्या तिकडं आहे."

"बेसा नाही, बेस. बेस नीट नाही ना."

"बेस आहे तं नीट काहून नाही? नीट असलं की मंगच बेस म्हणते आपण."

यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. काकांची नजर सोफ्यावर गेली. खोक्याला मी पाठीमागे उशी दिली होती.

"आन् याले काहून बसवलं तिथं?"

"काका, माझ्या जागी तो आणि त्याच्या जागी मी."

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग आत डोकावून हळूच म्हणाले, "सूनबाई घरी नाही वाटते?"

नाही म्हटल्यावर त्यांनी चप्पल काढली, धोतर सावरलं, आणि "हं, सरक" म्हणत तेही खाली बसले. गुडघे मोडल्याचा आवाज ढोलावरून ऐकू आला. ते झाकण पुढे सरकवत चालले. टीव्हीजवळ झाकण मेल्यासारखं गप्प. भिंतीच्या मधोमध जरासं थरथरलं. चपलांच्या कपाटापाशी मात्र ते असं झणझणायला लागलं की काकांनी बोट ठेवून दाबलं, आणि तिथेच कान लावून मीही बसलो. चार दिवसांत पहिल्यांदा ढोल ढोलासारखा वाजत होता.

"इथं बेस आहे," काका म्हणाले. कुठल्या अर्थाने, ते त्यांनाच ठाऊक. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "उंदीरच असन. लाजू नको, पिंजरा देतो मी."

ती जागा त्यांच्या पलंगाच्या बरोब्बर वर येते, हे मी त्यांना सांगितलं नाही.

काल रात्री साडेनऊला मी आवाज निम्म्यावर ठेवून सिनेमा पाहत होतो. खिडकीखालून वरात निघाली, ट्रकवर धुमाल पार्टी. काचा थरथरल्या, भांडी नाचली, देव्हाऱ्यातली घंटी आपोआप वाजली. रहिवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा २००० सालच्या नियमांत आहे. पण ती डीबी-ए मध्ये, म्हणजे जाड आवाज कानाला कमी ऐकू येतो हे धरून मोजतात, आणि त्या मापात ५० हर्ट्झच्या आवाजाला सुमारे ३० डेसिबलची सूट मिळते. म्हणजे छातीत जे धडधडतं, तेच मीटरला सगळ्यात कमी दिसतं. वा रे कायदा! आणि तक्रार कुणाची, तर माझ्या खोक्याची.

बाल्कनीत गेलो. खाली काका त्याच झाकणावर ताल धरून उभे. मला पाहताच वर तोंड करून ओरडले, "तुझं ते खोकं बंद कर ना रे भाऊ, वरातीचं काहीच ऐकू नाही येऊन राहिलं!"