जागा शिल्लक नाही

गेल्या वैशाखात मला मेल यायचे बंद झाले. पहिले दोन दिवस बरं वाटलं. विजेचं बिलही आलं नाही म्हणून तिसरा दिवस त्याहून बरा गेला. चौथ्या दिवशी लेकीनं माझा फोन हातात घेतला आणि रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरचा चेहरा करून म्हणाली, "बाबा, तुझे पंधरा जीबी भरलेत."

मेल, फायली आणि फोटो या तिघांना मिळून कंपनीनं फुकट दिलेली ही एकच खोली. नौपाड्यातलं आमचं जुनं बिऱ्हाड असंच होतं. फोटोंनी इतके पाय पसरले की मेलला दाराबाहेर उभं राहायची पाळी आली. पूर्वी थोडी क्वालिटी कमी करून हवे तेवढे फोटो फुकट ठेवता यायचे. १ जून २०२१ पासून ते लाड संपले आणि चढवलेला प्रत्येक फोटो हिशोबात धरला जाऊ लागला. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण 'बघू पुढे' या आमच्या घरातल्या सर्वांत मोठ्या खात्यात मी ते जमा केलं होतं. पैसे भरले तर जागा वाढवून मिळते. पण आधीच ठाण्यात राहायचं, आणि वर डोळ्यांना न दिसणाऱ्या जागेचं भाडं भरायचं, हे काही मनाला पटेना. एका रविवारी आवरायला बसलो.

अठरा हजार फोटो निघाले. गॅस मीटरच्या आकड्यांचे, पार्किंगमधल्या खांबांचे (ती गाडी विकूनही चार वर्षं झाली), माझ्या अंगठ्याचे. येऊरला जाऊन काढलेला कोजागरीचा चंद्र, जो बावीस फोटोंत बावीस वेळा साबुदाण्याच्या दाण्यासारखा आलाय. आणि उकडीच्या एकाच मोदकाचे एक्केचाळीस.

"यातले चाळीस उडवू?" मी बायकोला विचारलं.

"ठेवणार कुठला?"

तिनं चष्मा लावला. वीस मिनिटांनी निकाल लागला: एकात कळ्या छान आल्यात, एकात वाफ दिसतेय, एकात केळीचं पान पूर्ण आलंय. दोन उडवायला परवानगी मिळाली. रात्री त्यातला एक तिनं कचरापेटीतून परत आणला. टाकलेला फोटो तिथं साठ दिवस तसाच पडून असतो, हे मीच कौतुकानं सांगितलं होतं. बाबांच्या कॅमेऱ्यात छत्तीस फोटोंचा रोल असायचा. गणपती, दिवाळी, चुलतभावाची मुंज आणि तलावपाळीची बोट एवढं सगळं त्यात बसायचं, वर बाबा एक फोटो कशासाठी तरी शिल्लक ठेवायचे. कशासाठी ते आम्हाला कधी कळलं नाही.

ॲप आपल्या परीनं मदत करत होतं. ते चेहरे ओळखून माणसांची वेगवेगळी गाठोडी बांधतं. आमच्याकडे सर्वांत मोठं गाठोडं निघालं गौरींच्या मुखवट्यांचं. मी दुसरा. मग ॲपनं ज्येष्ठा आणि कनिष्ठा शेजारी शेजारी ठेवून विचारलं, ही एकच व्यक्ती आहे का? एवढी जबाबदारी मी घेणार नव्हतो. आईला बोलावलं. ती म्हणाली, "त्याला सांग, सख्ख्या बहिणी आहेत. आणि त्यांना व्यक्ती म्हणू नकोस."

शेवटी हार्ड डिस्क आणली. खोक्यावर एक टीबी, संगणकावर ९३१ जीबी. भांडायला दुकानात गेलो, तर तो पोरगा म्हणाला, डिस्कवाले हजारानं मोजतात, संगणक १०२४ नं मोजतो. जुना तोळा साडेअकरा ग्रॅमच्या वर होता, आता सोनार दहा ग्रॅमला तोळा म्हणतो, त्यातलाच प्रकार. हे मला लगेच पटलं. फसवणूक जुन्या वळणाची असली की तिचा राग येत नाही.

ऐरोलीला आयटीत असलेल्या भाच्यानं मग मंत्र दिला, तीन-दोन-एक. तीन प्रती, दोन वेगळ्या जातींच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. हे घराबाहेरचं मात्र मला न समजावता कळलं. २६ जुलै २००५ ला तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांचा लग्नाचा अल्बम आम्ही सगळ्यांनी मिळून पान पान सुटं करून दोरीवर वाळत घातला होता. नवरी वाचली. नवरदेवाचा चेहरा समोरच्या पानावरच्या जिलेबीला चिकटून गेला. तर ज्येष्ठात, पाऊस लागायच्या आत, दुसरी डिस्क आणून ती कळव्याला आत्याकडे ठेवायला दिली.

कार्तिकात त्याच आत्याचं सहस्रचंद्रदर्शन झालं. हजार पौर्णिमा व्हायला ऐंशी वर्षं आणि दहा महिने लागतात, आणि आत्यानं एकीचाही फोटो काढलेला नाही. कार्यक्रमाचे फोटो मी ग्रुपवर टाकले. ग्रुपवर टाकलेला फोटो पहिल्या धुण्यातल्या सुती सदऱ्यासारखा आटतो. मोबाइलवर ठीक दिसतो, पण फ्रेमसाठी मोठा छापून घेतला तर आत्याच्या नथीतले मोती चौकोनी. भाचा म्हणाला, "मामा, डॉक्युमेंट म्हणून पाठव, जसाच्या तसा जातो." रात्री साडेदहाला मी तेवीस पाठवले आणि कर्तव्य केल्यासारखा झोपलो.

सकाळी सहाला फोन.

"बाळू, कसली रे डॉक्युमेंटं पाठवलीस?"

"फोटो आहेत, आत्या."

"फोटो फोटोसारखे येतात. ही तेवीस डॉक्युमेंटं आहेत. मी एकही उघडलेलं नाही." मग जरा थांबून म्हणाली, "पनवेलच्या जागेचं हक्कसोडपत्र मी तुझ्या बाबांसमोर कधीच करून दिलंय. आणखी कुठं सही हवी असेल तर घरी ये, चहा घे, आणि तोंडानं सांग. हे असं रात्रीचं नको."

आठ वाजेपर्यंत नाशिकच्या काकांचाही फोन येऊन गेला. आपल्याला का पाठवली नाहीत, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

मार्गशीर्षात मी वायरीत पाय अडकवून घरची डिस्क पाडली. चालू असताना. आत तबकडी गरगरत असते आणि केसाहून बारीक फटीतून तिच्यावर एक सुई हिंडते. ती सुई टेकली की संपलं. डिस्क टक टक करू लागली आणि अर्ध्या तासात तेही थांबलं. तसाच कळव्याला गेलो. आत्या स्वयंपाकघरात गेली, तांदळाच्या डब्याचं झाकण काढलं, कोपरापर्यंत हात घातला आणि जुन्या साडीच्या फडक्यात बांधलेली आमची डिस्क वर काढली.

"खाडीजवळची हवा दमट. मोबाइल भिजला की तांदळात घालतात ना? मी आधीच घातली."

लॅपटॉप बरोबर होता, पण वायर आत जाईना. उजेडात धरून बघितलं तर भोकात तांदळाचा दाणा. आत्यानं अंबाड्याचा आकडा काढून तो अलगद टोकरला, चिमटीत फिरवून बघितला, "वाडा कोलम," म्हणाली, आणि परत डब्यात टाकला.

डिस्क फिरू लागली. पहिलाच फोटो मोदकाचा उघडला.

आत्या जवळ सरकली. "पुढचा दाखव."

पुढचाही मोदकच होता. तिनं पदरानं चष्मा पुसला आणि म्हणाली, "यात कळ्या जास्त छान आल्यात."