गाडीला कसली घाई

आमची गाडी 2009 सालची. तिला कुठे पोचायची घाई कधी नव्हती, मलाही नाही, त्यामुळे आमचं बरं चाललं होतं. मग एका मे महिन्यात, कर्वे रस्त्यावरच्या सिग्नलला उभी असताना ती आपण होऊन गुरगुरायला लागली. माझे दोन्ही पाय क्लच आणि ब्रेकवर. तरी इंजिनच्या मिनिटाला किती फेऱ्या होतात ते दाखवणारा, एरवी 800 वर पेंगणारा काटा चढत चढत 1800 वर जाऊन बसला.

शेजारच्या मोटारसायकलवरच्या पोरानं माझ्याकडे पाहिलं. टक्कल, चष्मा, मागच्या सीटवर दळणाचा डबा. एवढं दिसूनही त्यानं आव्हान स्वीकारलं. त्यानं हेल्मेट घातलं होतं. पुण्यात, म्हणजे पोरगा गंभीरच असणार. त्यानं दोनदा रेस दिली. माझ्या गाडीनं, मला न विचारता, उत्तर दिलं. सिग्नल सुटला, मी क्लच सोडला आणि गाडी त्याच्या मागे अशी निघाली की दळणाचं झाकण उडालं.

पुढचे आठ दिवस मी गाडी चालवत नव्हतो, आवरत होतो. पहिल्या गिअरमध्ये नुसता क्लच सोडला की ही चालू लागायची. सारखा ब्रेक दाबून उजव्या गुडघ्यानं उचल खाल्ली. ब्रेक जडही लागत होता. पण पन्नाशीनंतर सगळंच जड लागतं, असं समजून मी रात्री गुडघ्याला तेल चोळत राहिलो.

सोसायटीत बॉनेट उघडणं ही चूक झाली. पाच मिनिटांत चार जण जमले. तळमजल्यावरच्या काकांनी आत न बघताच निदान केलं, “चोक अडकलाय.” मी म्हटलं, काका, चोक कार्ब्युरेटरबरोबर गेला, या गाडीला तो जन्मापासून नाही. “म्हणूनच!” काका म्हणाले. दुसऱ्यांनी ॲक्सिलेटरची केबल ताणली असेल असं सुचवलं. हे मात्र शहाणपणाचं होतं, पण केबल व्यवस्थित ढिली निघाली.

मग मी व्हिडिओ बघितले. त्यांच्या मते थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनला हवा सोडणाऱ्या झडपेच्या नळीत, काजळी साचते आणि सगळ्या रोगांचं मूळ तिथे असतं. साडेतीनशे रुपयांचा फवारा आणून रविवारी सकाळी मी ती चकचकीत केली. बायको गॅलरीतून म्हणाली, “अहो, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅनही काळाच आहे.” मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि स्टार्टर मारला. काटा 2000.

कारण नंतर कळलं. काजळीनं अरुंद झालेल्या वाटेतून किती हवा जाते, याचा हिशेब गाडीच्या कॉम्प्युटरनं वर्षानुवर्षं पाठ केला होता. मी वाट रुंद केली आणि तो आपला जुनेच पाढे म्हणत राहिला. काही दिवस चालवल्यावर त्यानं नवे पाढे शिकून घेतले आणि काटा पुन्हा 1800 वर उतरला. म्हणजे साडेतीनशे रुपये घालून मी होतो तिथेच परत आलो.

नंतर एक मोठं गॅरेज. एसी, कॉफी, लॅपटॉप. स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड एकही नाही. टाय लावलेल्या मुलानं इंजिनचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरवर संशय घेतला. इंजिन थंड असलं की कॉम्प्युटर ते मुद्दाम जोरात फिरवतो, हे खरंच आहे. सकाळी पहिली दोन-तीन मिनिटं काटा म्हणूनच वर असतो. म्हणजे बाहेर 40 अंश, आणि आमचं इंजिन आपल्या समजुतीप्रमाणे महाबळेश्वरला. कल्पना मला इतकी आवडली की मी 2800 रुपये देऊन सेन्सर बदलून घेतला. इंजिन महाबळेश्वरहून काही उतरलं नाही. “थोडे दिवस चालवून बघा सर,” मुलगा म्हणाला.

शेवटी गल्लीतल्या कडुलिंबाखालचे मिस्त्री. त्यांनी लॅपटॉप काढला नाही, तोंडातला तंबाखूही काढला नाही. “इंजिन बंद करा. ब्रेक चार-पाच वेळा मारा. आता दाबून धरा आन् स्टार्ट करा. पेडल खाली गेलं?”

“नाही.”

“जड लागतो का ब्रेक?”

“गुडघा दुखतोय ना, म्हणून...”

“गुडघ्याला काय झालं नाय साहेब. पाइप फाटलाय.”

मग त्यांनी इंजिनकडून ब्रेकच्या बूस्टरकडे, म्हणजे ब्रेक हलका करणाऱ्या डब्याकडे, जाणारा एक रबरी पाइप पक्कडीनं चिमटला. गुरगुर थांबली, काटा धाडकन खाली. सोडला, पुन्हा वर. सासूबाईंच्या खोलीचं दार उघडावं आणि मिटावं, तसं.

ॲक्सिलेटरवरून पाय काढलेला असताना हवेची झडप मिटलेली असते. इंजिन तिच्यामागून हवा ओढायला बघतं, तिथे पोकळी होते, आणि त्या पोकळीच्या जोरावर आपला ब्रेक हलका लागतो. पाइपला खालच्या अंगानं भेग गेली होती. तिच्यातून चोरून हवा आत शिरत होती. कॉम्प्युटर बिचारा समजत होता की साहेबांनी पाय दिलाय, आणि इमानदारीत पेट्रोल ओतत होता. त्याचं काहीच चुकत नव्हतं, मग कोड तरी कुठला दाखवणार?

पोऱ्या नाना पेठेतून पाइप घेऊन आला. पाइप 220, मजुरी 150. जुना पाइप मी मागून घेतला. तळमजल्यावरच्या काकांना दाखवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “हाच तो चोकचा पाइप.”

गुडघा तीन दिवसांत बरा झाला. गाडी 800 वर इतकी गुपचूप फिरते की परवा त्याच सिग्नलला मला वाटलं, बंद पडली. दिवा हिरवा झाला, मागून हॉर्न सुरू झाले, मी घाईघाईनं किल्ली फिरवली. चालू इंजिनवर स्टार्टर असा करकरला की आख्खा चौक वळून बघायला लागला. शेजारी एक मोटारसायकल उभी होती. हेल्मेटवरून वाटलं, तोच असावा.