मालकांचं उत्तर: ‘दोन गोळ्या द्यायला यांचं काय जात होतं?’

नमस्कार सर,

आमच्या मेडिकलने दुखण्यावरच्या गोळ्या जुन्या चिठ्ठीवर दिल्या नाहीत, हा तुमचा रिव्ह्यू वाचला. त्या शनिवारी रात्री वहिनींना इतकं दुखत असताना आमच्या दारातून परत जावं लागलं, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क आहे. पण तुम्ही लिहिलंय की आम्ही ‘नशेखोर असल्यासारखी चौकशी केली’, ‘दोन गोळ्या द्यायला यांचं काय जात होतं’ आणि ‘यांना फक्त पैसा कळतो’. कर्वेनगरात लोक आम्हाला नावाने ओळखतात, त्यामुळे यावर गप्प बसणं मला जमणार नाही.

वहिनींच्या आजाराचं नाव मी इथे लिहिणार नाही, ते चारचौघांत सांगायचं नसतं. औषधाचं नाव तुम्हीच लिहिलंय, म्हणून बोलतो. ट्रामाडोल हे जोरदार दुखण्यावरचं औषध शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे चिठ्ठी आणि नोंदीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत आहे, आणि एप्रिल २०१८ पासून ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. पेशंटचं नाव, डॉक्टरांचं नाव, औषध आणि किती दिलं हे सगळं वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावं लागतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. एफडीएचे, म्हणजे सरकारी औषध प्रशासनाचे इन्स्पेक्टर आले की आधी तेच मागतात. डॉक्टरांनी ‘पुन्हा द्यावे’ असं लिहिलं नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच देता येतं. तुम्ही आणलेल्या चिठ्ठीच्या मागे आमच्याच दुकानाचा शिक्का होता, जूनमधला, खाली ‘पूर्ण दिले’ लिहून माझी सही. मी ती काउंटरवर उलटी करून तुम्हाला दाखवली होती. रिव्ह्यूमध्ये हे कुठेच आलेलं नाही.

तुम्ही डॉक्टरांना फोन लावून माझ्या हातात दिलात. डॉक्टर गावाला गेले होते. ते माझ्याशी अगदी नीट बोलले, आणि हे औषध फोनवरून लिहून देता येत नाही हे त्यांनाही माहीत होतं. २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांत एनडीपीएसमधली औषधं फोनवर किंवा व्हिडिओवर लिहून द्यायला सरळ मनाई आहे. हा नियम मी केलेला नाही. मोडला तर माझं लायसन्स जाईल, वर गुन्हा दाखल होईल तो वेगळाच. या दुकानावर माझं घर चालतं आणि काउंटरवरच्या दोन मुलांचंही.

आता ‘चौकशी’बद्दल. मी दोनच गोष्टी विचारल्या: आधीच्या गोळ्या कधी संपल्या, आणि मधल्या काळात दुसरं काही सुरू झालंय का. डिप्रेशनच्या काही गोळ्यांसोबत ट्रामाडोल घेतलं तर फिट येऊ शकते. दुखण्यावर डॉक्टर अशा गोळ्या पुष्कळदा देतात, म्हणून विचारावंच लागतं. रोज घेणाऱ्याचं ट्रामाडोल एकाएकी बंद झालं तर घाम सुटतो, जीव घाबरा होतो, झोप उडते. शरीराला सवय झालेली असते, याचा अर्थ तो माणूस व्यसनी आहे असा होत नाही. हे मला कळतं, सर. तो शब्द माझ्या तोंडून निघालेला नाही. तुम्ही मात्र काउंटरवरच्या मुलाला जे बोललात, ते त्याने घरी जाऊन आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती माऊली दुकानात येऊन उभी राहिली.

रिक्षात बसलेल्या वहिनींना मी बघितलं होतं. पुढच्या दांड्याला कपाळ टेकून बसल्या होत्या आणि रिक्षावाल्याला इंजिन बंद करा म्हणत होत्या, कारण त्या थरथरीनेही दुखत होतं. म्हणूनच मी म्हटलं, की जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या. तिथले ड्युटी डॉक्टर तपासतील, गरज वाटली तर इंजेक्शन देतील, आजच्या तारखेची चिठ्ठी देतील, ती घेऊन या, मी थांबतो. साडेदहाला बंद होणारं दुकान त्या रात्री सव्वाअकरापर्यंत अर्धं शटर वर ठेवून उघडं होतं. तुम्ही आला नाहीत. रिव्ह्यूत वाचलं की दुसऱ्या मेडिकलने ‘एका मिनिटात’ दिलं. तिथे बिल मिळालं का, एवढंच विचारतो.

पैशाचंही बोलतोच. ट्रामाडोलच्या साध्या कॅप्सूलची किंमत सरकारने बांधून दिली आहे, त्यावर दुकानदाराला सोळा टक्के मिळतात. दोन गोळ्या नाकारून मी काय कमावणार होतो?

तुमचा राग खरा आहे, पण तो चुकीच्या काउंटरवर निघाला असं मला वाटतं. कॅन्सरच्या पेशंटसाठी वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं हलकं करून पेशंटला सांभाळणारं सेंटर १९९७ पासून आहे, आमच्या ओळखीतल्या लोकांना तिथे फार माणुसकीने वागवलं. पण कॅन्सर नसलेल्या आणि वर्षानुवर्षं दुखणाऱ्या माणसाला शनिवारी रात्री कोण विचारतं? रिपोर्ट नॉर्मल आले की घरातलेसुद्धा ‘मनावर घेऊ नकोस’ म्हणतात. वहिनींना एखाद्या पेन स्पेशालिस्टला जरूर दाखवा. काही औषधं त्यांच्याकडूनच नीट बसतात, आणि नसेवर इंजेक्शन देऊन दुखणं कमी करायचे उपायही असतात.

आमच्याकडून म्हणाल तर, चिठ्ठीच्या नियमाचा बोर्ड काउंटरवर लावतोय, आणि नेहमीच्या पेशंटना औषध संपायच्या आधी फोन करता येईल का तेही बघतोय. सोमवारी डॉक्टर आले असतील, तर नवीन चिठ्ठी घेऊन या. वहिनींना आणायची गरज नाही, औषध मी स्वतः घरी पोचवतो. रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही. फक्त ‘नशेखोर’ हा शब्द मी वापरलेला नाही, तेवढा दुरुस्त करा ही विनंती.

मालक व नोंदणीकृत फार्मासिस्ट